दहावीचं घर

मार्च लागला हे आमच्या सोसायटीत कॅलेंडर न बघताही कळतं. लिफ्टमधली माणसं हळू बोलायला लागतात. परवा वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या आणि "आपण दुपारी मिक्सर लावता का हो?" असं फार गोड आवाजात विचारून गेल्या. "आमचा अर्णव दहावीला आहे ना," त्या म्हणाल्या. घरात कुणी अत्यवस्थ असलं की माणसं ज्या आवाजात बोलतात, तोच आवाज. मी म्हटलं, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी चटणी खलबत्त्यात कुटायला घेतली, तर खालच्या मजल्यावरून फोन आला. खालीही दहावी होती. मग आम्ही नवरा-बायकोंनी दही-भात खाल्ला आणि गप्प बसलो.

खरं तर पुण्यातले हे दिवस मला फार आवडतात. सकाळी स्वेटर घालावासा वाटतो आणि अकरा वाजता तोच अंगावर नकोसा होतो. करंजाला नवी पानं येतात, इतकी तकतकीत, की आत्ता कुणी पुसून ठेवली असावीत. कडुनिंब फुलतो, आणि त्याचा कडसर गोड वास सिंहगड रस्त्यावरच्या धुरातूनही वाट काढून नाकापर्यंत येतो. द्राक्षांच्या हातगाड्या, कलिंगडांचे ढीग, पहिला माठ. आणि या सगळ्यातून घाबरी पोरं कंपासपेट्या छातीशी धरून चाललेली. इतक्या सुंदर दिवसांत परीक्षा ठेवण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांनी बहुधा लहानपणी खिडकीबाहेर बघितलंच नसावं.

माझ्या मनात मात्र मार्च म्हटलं की एकच मार्च येतो. नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. हिंजवडीच्या बसगाड्या दिसू लागल्या होत्या, धायरीकडच्या वावरांत इंग्रजी नावांच्या इमारती उठत होत्या, आणि जिथे कांदा व्हायचा तिथे पार्किंगचे पट्टे मारले जात होते. मी बँकेत होते. बँकेला तेव्हा शनिवारी अर्धा दिवस असे. दुपारी घरी जाऊन झोपण्याऐवजी मी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या हॉलमध्ये जायची, कारण तिथे शालिनीताई मुलांचं केंद्र चालवत.

शालिनीताई मानसशास्त्राच्या. कॉलेजातली नोकरी संपल्यावर त्यांनी केंद्रासाठी जागा शोधायला सुरुवात केली, आणि पुण्यातल्या बऱ्याच सुशिक्षित संस्थांनी "वेड्यांचं काही नको हो आमच्याकडे" असं त्यांना निरनिराळ्या सभ्य शब्दांत सांगितलं. माझे बाबा विहाराचे चिटणीस होते. त्यांनी हॉलची किल्ली काढून दिली आणि एवढंच विचारलं, "पंखे दोनच चालतात, चालेल का?" बाहेर पाटी लागली, 'मुलांसाठी मोफत मार्गदर्शन'. पहिले काही महिने लोक पोरांना अक्षर सुधारायला पाठवत होते. शालिनीताई म्हणाल्या, "येऊ देत. अक्षरापासून सुरू करू." आम्ही सात-आठ जणी मदतीला होतो. त्यांनी आम्हाला शिकवलं ते मुख्यतः गप्प कसं बसायचं हे. माझ्यासारखीला ते फार जड गेलं.

त्यांची एक पद्धत होती. तिला आम्ही 'अदलाबदल' म्हणायचो. शनिवारी आल्यावर पहिला अर्धा तास कुणीही आपल्या मुलाजवळ बसायचं नाही. याची आई त्याच्याजवळ, त्याचे वडील हिच्याजवळ. आणि त्या मुलाला शाळा, मार्क, जेवण आणि मोठेपणी कोण होणार, यांतलं काहीही विचारायचं नाही. पालक रागवायचे. "अहो, आम्ही आमच्या मुलासाठी आलोय!" शालिनीताई शांतपणे म्हणायच्या, "त्याच्याकडे बघताना तुम्हाला तो दिसतच नाही, तुमची काळजी दिसते. आधी दुसऱ्याच्या पोराकडे बघायचा सराव करा." पुण्यात एवढं स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला लोक आधी शिव्या देतात आणि मग पुन्हा येतात. तेही येत.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला सारिका आली. नाव मी बदललंय. धायरीतलं शेतकरी कुटुंब. जमिनीचा तुकडा बिल्डरला दिलेला, त्याच्या बदल्यात त्याच जागेवर तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळालेला, आणि वडिलांचा मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचा गाळा. घरात एकुलती एक मुलगी, आणि ती दहावीला. पूर्वपरीक्षेला गणिताचा पेपर तिने कोरा दिला आणि ती घरी गेलीच नाही. दुपारपासून कालव्याच्या कडेला बसून राहिली. तिथे कपडे धुणाऱ्या एका बाईला हिचं तसं बसणं ठीक वाटेना, म्हणून ती आपलं धुणं तसंच टाकून हिच्याशेजारी जाऊन बसली आणि संध्याकाळी हिला हाताला धरून घरी घेऊन आली. त्या बाईचं नाव कुणीच विचारलं नाही. मी आजही कधी कालव्यावरून गेले की तिला मनातल्या मनात नमस्कार करते.

त्या दिवसापासून सारिका बोलेनाशी झाली. 'हो', 'नको', 'चालेल', इतकंच. शाळेतल्या बाईंनी तिच्या आई-वडिलांना आमच्याकडे धाडलं. पहिल्या भेटीनंतर शालिनीताई आम्हाला म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. ही मुलगी पुन्हा कालव्यावर जाऊन बसू नये, हे आपलं काम. दहावी हे बोर्डाचं काम." मी कामात कधी घाबरत नसे. त्या वाक्याने मात्र घाबरले.

वडील म्हणजे दत्तूअण्णा. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, खांद्यावर टॉवेल. पहिल्या शनिवारी ते हॉलच्या दारात अडखळले. टोपी काढायची का, आतल्या बुद्धमूर्तीला हात जोडायचे का, त्यांना कळेना. बाबा म्हणाले, "टोपी असू द्या. चपला तेवढ्या काढा." ते आत आले. चहा मात्र घेतला नाही. "शनवारचा उपास हाय," म्हणाले. ते गेल्यावर बाबांनी कप उचलता उचलता म्हटलं, "आपल्याकडे आले की बऱ्याच लोकांना उपास लागतो." आणि हसले. मला राग आला होता. बाबांना येत नसे, किंवा येऊन येऊन संपला असावा.

सारिकाची आई सुमनताई. त्याच आधी बोलल्या, आणि बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मॅडम, आम्ही तिच्यासाठी समदं बंद केलंय. केबल काढून टाकली. बेलचा सेल काढून ठिवला. नणंदेला सांगितलं, परीक्षा होईस्तोर येऊ नका. कुकर लावत न्हाई मी, शिट्टी होती म्हणून. डाळ पातेल्यात शिजवते. आणि हे तर चपला हातात घेऊन जिना चढत्यात."

दत्तूअण्णा मान खाली घालून ऐकत होते. पहाटेपासून यार्डात घसा फाटेस्तोवर बोली लावणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या घरात चोरासारखा शिरत होता, मुलीच्या खोलीच्या दाराबाहेर क्षणभर उभा राहत होता आणि काही न बोलता स्वयंपाकघरात जाऊन जेवत होता. कालव्याच्या प्रकारानंतर तर त्यांनी घरात बोलणं सोडलंच होतं. आपल्या तोंडून काही वावगं निघेल आणि पोरगी पुन्हा जाईल, याची धास्ती.

मला त्यात नवल वाटलं नाही. पुण्यात दहावीचं घर म्हणजे असंच असतं. आपण मुलांसाठी घरातला सगळा आवाज काढून घेतो. टीव्हीचा, पाहुण्यांचा, भांडणाचा, हसण्याचा. मग त्या शांततेत मुलाला एकच आवाज ऐकू येत राहतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या भीतीचा असतो. सारिका तर गोठा, चुलत्या, कोंबड्या, पाण्याच्या पंपाची धडधड आणि बापाची हाक यांत वाढलेली. तिला दुधाच्या वेळी म्हैस हंबरल्याशिवाय संध्याकाळ झालीय हे पटत नसेल. ती शांतता तिला कशी वाटली असेल, याचा विचार कुणी केला नव्हता. सगळे इतके जीव लावत होते, की विचार करायला कुणाला फुरसतच नव्हती.

दुसऱ्या शनिवारी अदलाबदलीत दत्तूअण्णांच्या वाट्याला रिया आली. सहा वर्षांची. आई-वडील दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, घरी यायला उशीर, आणि ही रात्र रात्र झोपत नसे. तिची आई आम्हाला म्हणाली होती, "ॲक्च्युअली तिला सगळं दिलंय आम्ही. प्रॉब्लेम काय आहे तेच कळत नाही." त्या दिवशी ती आई सारिकाजवळ बसली होती. दोघी मिळून कागदाच्या पट्ट्या कापत होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या.

दत्तूअण्णा सतरंजीवर मांडी घालून बसले आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "शाळेचं विचारायचं न्हाई, जेवणाचं विचारायचं न्हाई. मंग पोरांना दुसरं काय विचारत्यात, मॅडम?"

मी काही सांगायच्या आत रियानेच सुरुवात केली.

"तुम्ही अंघोळ करून आलात?"

"का गं?"

"टॉवेल आहे खांद्यावर."

ते मोठ्याने हसले. त्या हॉलमध्ये त्यांचा तो पहिला मोठा आवाज. सारिकाने मान वर केली, हे मी बघितलं.

"हा धंद्याचा टावेल हाय," ते म्हणाले. "माझ्या बापाच्या टायमाला यार्डात भाव तोंडानं करत नव्हते. दोघांनी समोरासमोर बसायचं, हातावर टावेल टाकायचा आणि आतून बोटं दाबायची. एक बोट म्हंजी एक. अख्खा पंजा म्हंजी पाच. भवतीनं माणसं हुबी असायची, पर कुणाला काय कळायचं न्हाई. आता ते बंद झालं, चांगलं झालं. लबाडी व्हायची त्यात. पर मला येतं."

"मला शिकवा."

त्यांनी टॉवेल पसरला. दोघांचे हात आत गेले. "एक ध्यानात ठिव," ते म्हणाले, "आत काय चाललंय ते तोंडावर दिसू द्यायचं न्हाई. दिसलं की सौदा गेला." रियाने ओठ घट्ट मिटून डोळे मोठे केले. थोडा वेळ नुसता खेळ चालला. ती दाबायची, ते ओळखायचे. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रातच्याला भ्या वाटतं का? किती?"

टॉवेल हलला. दत्तूअण्णांचा चेहरा जसाच्या तसा. मग त्यांचा हात आत हलला आणि रिया ओरडली, "चार! तुम्हाला पण भीती वाटते?"

"लई," ते म्हणाले.

त्यांना हळू बोलायची सवय नव्हतीच. घरात महिनाभर दाबून ठेवलेला तो यार्डातला आवाज हॉलभर ऐकू गेला. "कशाची?" रियाने विचारलं. ते टॉवेलची कड सारखी करू लागले. "माझी एक पोरगी हाय," एवढंच म्हणाले. पलीकडे कात्री थांबली होती. मी तिकडे बघायचं टाळलं, कारण शालिनीताईंनी तेच तर शिकवलं होतं. बाबांनी चहा आणला. दत्तूअण्णांनी कप घेतला आणि बशीत ओतून प्यायले. शनिवारच होता.

आता सगळीकडे या गोष्टींची चर्चा आहे, आणि ती आहे हे उत्तमच आहे. शाळांत समुपदेशक असतात, फोनवर मदत मिळते, आमच्या हॉलमध्येही आता शिकून आलेल्या तरुण मुली काम करतात आणि चारही पंखे चालतात. माझी भाची 'मला आज स्ट्रेस आलाय' असं 'मला सर्दी झालीय' इतक्या सहज सांगते. आमच्या वेळी याला शब्दच नव्हते. 'डोक्यावर परिणाम' आणि 'नाटकं' असे दोनच पर्याय होते, आणि बाकी सगळं त्या दोहोंच्या मधल्या जागेत गपचूप सोसलं जाई. अदलाबदल मात्र अजून चालते. मध्यंतरी एक आयटीतले वडील माझ्यावरच उखडले, "मॅडम, धिस इज नॉट व्हॉट वी केम फॉर." मी म्हटलं, "बसा तर खरं." बसले. अर्ध्या तासाने दुसऱ्याच्या पोराबरोबर फरशीवर पालथे पडून मुंगळा बघत होते.

पण मी त्या मार्चचं सांगत होते. परीक्षा आठवड्यावर आली होती. शनिवारी दत्तूअण्णा नेहमीच्या जागी येऊन बसले, टॉवेल मांडीवर घेतला, आणि रियाची वाट बघू लागले. रिया पाणी प्यायला गेली होती. तेवढ्यात सारिका उठली. सावकाश चालत आली आणि वडिलांसमोर, रियाच्या जागेवर, बसली. नियम मोडत होता. मी शालिनीताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे.

सारिकाने हात पुढे केला. दत्तूअण्णांनी टॉवेल टाकला. त्यांना टाकता येईना, दोनदा घसरला. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, बहुतेक विचारलंच नाही. टॉवेलखाली थोडी हालचाल झाली. तिने किती बोटं दाबली, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. आत काय चाललंय ते तोंडावर दिसू न देणारा तो माणूस, त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत विरघळला. त्यांनी डाव्या हाताने टोपी काढली आणि तोंडासमोर धरली. उजवा हात टॉवेलखालीच राहिला. तो त्यांनी सोडला नाही.

"घरी का बोलत नाही मग?" सारिकाने विचारलं. केंद्रात आल्यापासूनचं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

"तुझा अभ्यास..." टोपीमागून आवाज आला.

"मला वाटलं, तुम्हाला माझं तोंडच बघायचं नाही. दारापर्यंत येता आणि परत जाता."

"अगं, मला वाटलं, मी काय बोललो आन् तू..." त्यांनी टोपी खाली केली. "पेपर ऱ्हाऊ दे गं. पेपर दर वर्साला येतो."

सुमनताई कोपऱ्यातून उठून आल्या आणि दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. रिया पाणी पिऊन आली, तिने आपली जागा गेल्याचं बघितलं आणि कुरकुर न करता येऊन माझ्या मांडीवर बसली. मी रडले. समुपदेशन करणाऱ्यांनी रडायचं नसतं म्हणतात. शालिनीताईसुद्धा खिडकीबाहेरच्या कडुनिंबात जरा जास्तच वेळ काहीतरी बघत होत्या.

सारिका पुढे काय शिकली, आज काय करते, हे मी लिहिणार नाही. लिहिलं की लोक लगेच 'चला, म्हणजे वाया नाही गेली' असा निकाल लावून मोकळे होतात. वाया जाणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत मी फार जवळून पाहिलं होतं. मार्कांशी त्याचा संबंध नव्हता.

पहिल्या पेपरच्या सकाळी शालिनीताईंनी मला धायरीला पाठवलं. "नुसतं डोकावून ये," म्हणाल्या. पेपरला जायचं की नाही ते सारिकाने ठरवलं नव्हतं, आणि ठरलं होतं असं, की तिला कुणी विचारायचं नाही. रस्त्यात शाळेसमोर आई-बापांची गर्दी होती. कुणी मुलाच्या हातावर दही ठेवत होतं, कुणी शेवटच्या क्षणी निबंध म्हणून घेत होतं. मी स्कूटर तशीच पुढे काढली.

त्यांच्या इमारतीचा जिना चढायला लागले आणि पहिल्या मजल्यावरच थबकले. वरून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. कुठलीतरी बातम्यांची वाहिनी जोरात चालू होती. आणि या सगळ्यावर कडी करणारा दत्तूअण्णांचा आवाज, नव्या मोबाइलवर, यार्डातल्या कुणाला तरी: "अरं, गाडी लागली का न्हाई अजून? मी म्हणतो, लागली का न्हाई!" दार उघडंच होतं. ते पाठमोरे उभे होते. आतल्या खोलीतून सारिका तरातरा बाहेर आली. शाळेचा गणवेश, एक वेणी घातलेली, दुसरी हातात धरलेली.

"अण्णा! किती ओरडताय! मला काही सुचू द्याल का नाही?"

ती तशीच फणफणत आत गेली आणि तिने दार आपटलं. दत्तूअण्णा मोबाइल कानाला तसाच धरून वळले. मी दिसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते त्यांनी लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"ऐकलं का, मॅडम?" ते म्हणाले. "रागावली माझ्यावर. सकाळधरनं दुसऱ्यांदा."